अनोळखी नंबरचा एंजल

नाशिक रोड,
३ जानेवारी

प्रिय सरिता,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. कोणी आजारी नाही, कोणी गेलेलंही नाही. फोनवर लिहिलं असतं, पण तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस. परवा धीर करून तुमच्या राइस मिलच्या लँडलाइनवर फोन केला, तो सावळीरामने उचलला. तुझा भाऊ अजून तसाच बोलतो. म्हणाला, "बोलायची नाय ती, ताई. पत्र टाका. वाचती ती, पण बोलती नाय." म्हणून हे पत्र.

पोस्टातल्या बाईंनी पाकीट देताना विचारलं, कोर्टाचं आहे का? मी म्हटलं, नाही, मैत्रिणीला लिहायचंय. तर त्या माझ्याकडे असं बघायला लागल्या, जणू मी काहीतरी लपवतेय.

मला एकच गोष्ट विचारायची आहे. डिसेंबरभर मला एका अनोळखी नंबरवरून मेसेज येत होते. ते तू पाठवलेस का? हो किंवा नाही, एवढंच कळव. कार्डावर लिहिलंस तरी चालेल.

तू शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये नव्हतीस, तरी यंदाही आपला एंजलचा खेळ झाला. सिस्टर इमेल्डा बिस्किटांचा निळा डबा वर्गातून फिरवायच्या आणि आपण डोळे मिटून चिठ्ठी उचलायचो, ते दिवस मला अजून वासासकट आठवतात. त्या डब्याला आतून व्हॅनिलाचा वास यायचा. जिच्या नावाची चिठ्ठी आली, तिचे आपण नाताळपर्यंत एंजल. तिच्या डेस्कमध्ये गुपचूप बोरं ठेवायची, तिची शाईची दौत भरायची, तिच्या नावाने प्रार्थना करायची. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे एंजलला नाव विचारायचं नाही. विचारलं की खेळ मोडला. ग्रुपवर खेळायला लागलो तेव्हा आपण त्याला आपली जोड दिली. ओळखू येऊ नये म्हणून एंजलने दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवरून लिहायचं, सुनेच्या, शेजारणीच्या, कामाला येणाऱ्या मावशींच्या. साठी ओलांडलेल्या बायका महिनाभर अनोळखी नंबरांना गुडमॉर्निंग करत बसायच्या आणि कोण असेल या विचाराने सुखावायच्या.

माझ्या एंजलचा पहिला मेसेज आला, "उजे, थंडी वाढलीय. कानाला रुमाल बांध." मी चहाचा कप खाली ठेवला. उजे मला कोण म्हणतं, सरिता? आई गेल्यावर तू एकटीच उरलीस.

त्यानंतर रोज सकाळी एक मेसेज. आपण जेवणाच्या सुट्टीत चिंच मिठात बुडवून खायचो त्याबद्दल. बोर्डिंगच्या जिन्यावर बसून तू मला तुझ्या ट्रंकेतली पोह्याची पुरचुंडी द्यायचीस त्याबद्दल. मला वाटलं, राग गेला तुझा. तोंडाने सांगता येत नाही म्हणून तू एंजल झालीस.

पण नाताळला ग्रुपवर सगळ्यांची नावं उघड झाली, आणि माझी चिठ्ठी सेलिनला आली होती असं मला फोनवर कळलं. सेलिन म्हणाली, "अगं, मी साफ विसरले. नातवाच्या परीक्षा होत्या. मी तुला काही पाठवलंच नाही."

मग ती कोण होती? मी रागावणार नाही. उत्तर काहीही असो.

उज्वला


नाशिक रोड,
८ जानेवारी

प्रिय सरिता,

घोटीला टपाल जायला एवढे दिवस लागत नाहीत. म्हणजे पत्र तुझ्या हातात पडलंय आणि तू उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं आहेस. जिने काही केलेलं नसेल ती गप्प का बसेल, असं माझ्या मनात येतंय. ते मनात येतंय हे तुला कळावं म्हणून लिहितेय.

मागच्या पत्रात मी सगळं सांगितलं नाही. आधी तुझ्याकडून ऐकायचं होतं.

नाताळच्या आधी दोन दिवस एंजलचा मेसेज आला, "उजे, तुझ्यासाठी गंमत पाठवतेय. आता तुझ्या फोनवर सहा आकडे येतील, ती गमतीची किल्ली. मला कळव, मग उघडेल." आकडे आले. मी कळवले. नाव विचारायचं नाही, हा नियम माझ्या हाडांत आहे, सरिता. शाळेने लावलेली सगळ्यांत पक्की सवय तीच. माझ्या डोळ्यांसमोर माझं व्हॉट्सअॅप बंद झालं. मला वाटलं, हीच गंमत.

तासाभरात घरचा फोन वाजायला लागला. माझ्या नावाने सगळ्यांना निरोप गेला होता की माझ्या नवऱ्याला, प्रफुल्लला अॅटॅक आलाय, दवाखान्यात पैसे भरायचेत, लगेच पाठवा. प्रफुल्ल तेव्हा गॅलरीत मटार सोलत बसला होता. चौथा फोन त्यानेच घेतला. "मी कोणत्या वॉर्डात आहे ते तुम्हाला कळलं तर मलाही सांगा," असं म्हणून ठेवला. त्याला हसू येत होतं. सेलिनने पैसे पाठवल्याचं कळलं तेव्हा थांबलं. शरणपूरच्या त्या दोन खोल्यांत ट्यूशन घेऊन साठवलेले होते ते. आणखी दोघींनीही पाठवले. तेजल आईसाठी पुण्याहून धावत आली आणि खटपट करून तिने आठवड्याने माझं खातं परत मिळवलं. पैसे काही परत आले नाहीत.

आता पुढचं नीट वाच. संध्याच्या घरी बैठक झाली. ती कोर्टातून शिरस्तेदार म्हणून रिटायर झाली, तेव्हापासून कोणाच्याही घरी चहा प्यायचा तरी तिला आधी विषयपत्रिका लागते. ती म्हणाली, "आपण कुठे फसू शकतो हे या ग्रुपमध्ये एकीलाच माहीत होतं. तिने ते लेखी सांगितलंही होतं. आपण तिला काढलं. आता तिने करून दाखवलं."

कोणी नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती.

तुला काढलं ते मे महिन्यात. सावळीरामचं बँकेतलं खातं कोणीतरी फसवून रिकामं केलं होतं आणि तू रोज ग्रुपवर इशारे टाकत होतीस. ही लिंक उघडू नका, तो नंबर उचलू नका, आकडे कोणाला सांगू नका. मुली तुला पोलीस ठाणे म्हणायला लागल्या. आधी तूही हसत होतीस. मग तू म्हणालीस की एंजलच्या खेळात अनोळखी नंबरांना बंदी घाला, आणि ते जमणार नसेल तर निदान खेळ सुरू होण्याआधी प्रत्येकीला ताकीद द्या. संध्या म्हणाली, मैत्रिणींच्या प्रेमाला तू चोरी म्हणतेस. त्यावर तू जे लिहिलंस ते मी इथे पुन्हा लिहीत नाही. अॅडमिन मी होते. मला वाटलं, दोन दिवस बाहेर राहशील, शांत होशील, मग परत घेऊ. तू दोन दिवसांनी फोन उचलला असतास तर घेतलंच असतं.

आता संध्याने सायबर पोलिसांसाठी अर्ज लिहून ठेवलाय. संशयित म्हणून त्यात तुझं नाव आहे, घोटीचा पत्ता आहे. निरोप माझ्या फोनवरून गेले, म्हणून सही माझी हवी. मी म्हटलं, संक्रांत होऊन जाऊ द्या. तेवढीच मुदत मिळाली आहे.

मी तुला सरळ विचारते. आम्हाला धडा शिकवायला तू हे केलंस का? पैसे तू ठेवले नसशील, तेवढी मी तुला ओळखते. पण "बघा, मी सांगत होते" हे म्हणण्यासाठी तू काय करशील, हे मला खरंच सांगता येत नाही. सहावीत हेमलताची वही चोरीला जाऊ शकते हे सिद्ध करायला तू स्वतःच ती दोन दिवस लपवली होतीस.

उज्वला


नाशिक रोड,
१२ जानेवारी

सरिता,

अजून तुझं काही नाही.

इकडे माझं काय झालंय ते बघ. काल तेजलचा फोन आला तर मी तिला आधी विचारलं, आपल्या कुत्रीचं नाव काय होतं? ती म्हणाली, "आई, तू बरी आहेस ना?" मी म्हटलं, नाव सांग. गॅसवाल्याने नवीन नंबरवरून फोन केला, मी ठेवून दिला. सिलिंडर परत गेला. प्रफुल्ल म्हणतो, रेशनकार्ड दाखवल्याशिवाय मला बेडरूममध्ये सोडू नकोस.

तुझी जुनी नाताळची कार्डं काढून बसले होते. तू वाक्य संपलं की दोन टिंबं देतेस. एंजलही कधी कधी दोन टिंबं देत होता. मग लक्षात आलं, मीही देते. आपल्या वर्गातल्या निम्म्या मुली देतात, इंग्लिशच्या मिस तशाच लिहायच्या.

एक गोष्ट मी ग्रुपला सांगितलेली नाही, प्रफुल्लला नाही, तेजललाही नाही. बैठकीत मी फक्त सहा आकड्यांचा मेसेज दाखवला. बाकीचे दाखवले नाहीत. ते माझे होते. आणि तो नंबर मी अजून बंद केलेला नाही. परवा सकाळी त्यावरून आलं, "उजे, रागावलीस का?"

मी उत्तर दिलं नाही. पण बंदही केला नाही. तो नंबर आणखी कोणाला लिहीत असेल तर त्यांना सावध करायला हवं, हे मला कळतं. ग्रुपवर दोन ओळी टाकायच्या, हा नंबर चोराचा आहे. हात तिथपर्यंत जातो आणि थांबतो. कारण ती तू असलीस तर मी चाळीस जणींसमोर तुला चोर म्हटलं असं होईल. आणि तू नसलीस, तर गेला महिनाभर रोज सकाळी मी कोणाशी बोलत होते?

मी त्याला आईच्या शेवटच्या दिवसांबद्दल लिहिलं होतं, सरिता. तुला सांगायचं राहिलं होतं ते सगळं.

उत्तर दे. शिव्या दिल्यास तरी चालेल.

उ.


नाशिक रोड,
१६ जानेवारी

प्रिय सरिता,

तुझं कार्ड मिळालं. प्रफुल्लने जिन्यातूनच वाचत आणलं. म्हणाला, तुझी मैत्रीण तुझ्यापेक्षा जास्त पोलीस आहे.

तू लिहिलं आहेस, "तिन्ही पत्रं मिळाली. ती उज्वलाचीच कशावरून? अक्षर कोणालाही काढता येतं. माझ्या नावाने तक्रार करायची तर करा, मी कोणाच्या पाया पडणार नाही. पण खरी उज्वला असशील तर सांग, सातवीच्या गॅदरिंगला मी स्टेजवर कॅरल म्हटलं, त्यानंतर सिस्टर इमेल्डांनी काय केलं? कोणाला विचारू नकोस. फोनमध्ये बघू नकोस."

आधी मला राग आला. संशय मी घ्यायचा होता, तूच माझी परीक्षा घेतेस. मग वाटलं, सोपाच प्रश्न आहे. ती संध्याकाळ मी कशी विसरेन?

तुला एंजल गॅब्रिएलचं काम मिळालं होतं. बोर्डिंगच्या चादरीचा पांढरा झगा होता, आणि चॉकलेटच्या चांदीचं वर्तुळ तारेला गुंडाळून डोक्यावर बसवलं होतं. मी मेंढी होते. हॉल भरलेला होता, पहिल्या रांगेत बिशप, मागे आपल्या सगळ्यांचे आईवडील. तुझे वडील घोटीहून आले होते, हातात टोपी घेऊन भिंतीला टेकून उभे होते. तू कॅरल सुरू केलंस. तिन्ही कडवी म्हटलीस. हॉल इतका शांत झाला की पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला. आणि मग सिस्टर इमेल्डा विंगेतून आल्या आणि त्यांनी तुला सगळ्यांसमोर मिठी

इथे थांबले होते. मघाशी चहा ठेवायला म्हणून उठले, चहा ठेवला नाही, खिडकीशी उभी राहिले. वरच्या ओळी खोडत नाही. माझ्या हातून काय लिहिलं गेलं ते तुला दिसू दे.

मी मेंढी होते. मेंढ्या चार पायांवर होत्या. मला वरचं काही दिसत नव्हतं, तुझे पाय दिसत होते. पहिलं कडवं नीट गेलं. दुसऱ्याला तू अडकलीस. हॉल खरंच शांत झाला, पण तू पुढे काय म्हणतेस याची वाट बघत. मग त्याच चालीवर तू दुसरंच काहीतरी म्हणायला लागलीस. तुझी आई भात लावताना म्हणायची ते, चिखलाचं आणि बैलांचं गाणं. पालक हसायला लागले. बिशपही हसले. मग काळे बूट आले. सिस्टरांचे. तुझे पाय टाचा उचलून, पळत पळत त्या बुटांबरोबर विंगेत गेले. तसे पाय माणूस कधी टाकतो? कान वर ओढलेला असतो तेव्हा. एक मोजा खाली आला होता.

पडदा पाडला. परत उघडला तेव्हा मी मान वर करून बघितलं, तर चांदीचं वर्तुळ संध्याच्या डोक्यावर होतं. तुझे वडील जागेवर नव्हते.

मिठी नव्हती, सरिता. कान पिरगाळला होता.

मग मिठी आली कुठून? माझ्याकडून. बालदिनाला मी ग्रुपवर लांबलचक आठवण लिहिली होती. तू नव्हतीस म्हणून तुझी फार आठवण येत होती. लिहिता लिहिता मला ते बूट नको झाले. मी मिठी लिहिली. तुला जे मिळायला हवं होतं ते लिहिलं, असं मी स्वतःला सांगितलं. सगळ्यांनी बदाम टाकले. सेलिनने लिहिलं, मला अजून दिसतं ते दृश्य. दोन दिवसांत मलाही दिसायला लागलं.

आणि आता हे वाच. एंजलचा डिसेंबरमधला मेसेज माझ्यासमोर आहे. "उजे, सिस्टरांची ती मिठी अजून आठवते. हॉल किती शांत झाला होता. पंख्यांचा आवाज येत होता." हा वाचून मी रडले होते. मला वाटलं, तू सिस्टरांना माफ केलंस, म्हणजे मलाही करशील.

पण तू हे लिहूच शकत नाहीस. जिचा कान होता तिला मिठी आठवणार नाही. आणि माझी ती पोस्ट तू वाचलेलीच नाहीस, बालदिनाला तू ग्रुपमध्ये नव्हतीस. म्हणजे एंजल आपल्या शाळेत नव्हता. तो फक्त माझं लिहिलेलं वाचत होता.

मग मी सगळे मेसेज परत वाचले, माझ्या जुन्या पोस्ट शेजारी ठेवून. उजे ग्रुपवर आहे, तू मला तसं म्हणायचीस असं मीच लिहिलं होतं. चिंच आहे. पोह्याची पुरचुंडी आहे. दोन टिंबंसुद्धा. मीच माझ्याशी बोलत होते, आणि कोणीतरी ते बोलणं गोळा करून दुसऱ्या दिवशी मला परत देत होतं. तेजलला शेवटी सगळं सांगितलं. ती म्हणते, आपल्यातल्या कोणाचा तरी फोन दुसऱ्या कुठल्या कॉम्प्युटरला जोडलेला राहिलाय. फोटो छापायला कुठे दुकानात लावला असेल, काढायचा राहिला असेल. तिथे बसून कोणीतरी आपला सगळा ग्रुप महिनोन्महिने वाचतंय. म्हणजे तो आत्ताही वाचत असेल.

तो नंबर मी बंद केला. ग्रुपवर ताकीद टाकली, नंबरासह, आणि प्रत्येकीने आपला फोन कुठे जोडलेला आहे ते बघा असंही लिहिलं. माझ्या परीक्षेचं उत्तर वर आहे. पास की नापास ते तू ठरव.

उज्वला


नाशिक रोड,
२१ जानेवारी

प्रिय सरिता,

तुझी वाट बघत नाही आता, लिहून टाकते.

काल संध्याकडे तिळगूळ होता. सगळ्या जमल्या होत्या. मला वाटलं, मेसेज वाचून दाखवीन, मिठी कुठून आली ते सांगेन, आणि अर्ज फाडला जाईल. माझ्याकडे तुझ्या बाजूचा केवढा मोठा पुरावा होता.

मी सांगितलं. मग सेलिन हळूच म्हणाली, "पण उज्वला, मिठीच मारली होती. सिस्टरांचे डोळे भरून आले होते, मी बघितलंय." तिच्यामागून हेमलता म्हणाली, हो हो, बिशपनेही टाळ्या वाजवल्या. एकीला तर मिठीनंतर सिस्टरांनी तुझ्या हातात दिलेलं चॉकलेटसुद्धा आठवलं.

मी संध्याकडे बघितलं. म्हटलं, संध्या, ते वर्तुळ तुझ्या डोक्यावर बसवलं होतं. तुला तरी आठवत असेल.

"ते पुढच्या वर्षीचं," संध्या म्हणाली. शांतपणे, तिळगुळाची वाटी पुढे करत. "तू तिला वाचवायला आता सिस्टर इमेल्डांनाही सोडत नाहीस. गेलेल्या बाईला."

मला कळेना, ती खोटं बोलतेय की तिला खरंच तसं आठवतंय. एवढ्या जणी एकदम खोटं बोलणार नाहीत. त्यांना तसंच दिसतंय. मीच दाखवलंय. तुझ्या बाजूने एक गोष्ट खरी होती आणि ती मी आठवड्याभरात चाळीस डोक्यांतून पुसून टाकली होती.

मग मी म्हटलं, आठवणी राहू द्या, प्रत्येकीने आत्ता इथे आपला फोन काढून बघा, कुठे जोडलेला आहे का. तेजलने मला कसं बघायचं ते शिकवलं होतं. सेलिनने लगेच फोन पुढे केला. तिचा स्वच्छ निघाला. आणखी एक-दोघींनी दाखवला. बाकीच्या एकमेकींकडे बघत राहिल्या. संध्याने आपला पर्समध्ये टाकला आणि चेन ओढली. म्हणाली, माझा फोन कोणी तपासायचा नाही. तिचाच असेल असं मी म्हणत नाही. कोणाचा ते कळलंच नाही, आणि आता कळणारही नाही.

तिने ठराव मांडला. ज्यांचे फोन हॅक झाले त्यांना ग्रुपमधून कायमची बंदी. ताकीद नको, ताकीद दिली की पुन्हा तेच पोलीस ठाणे. हात वर झाले. सेलिनचा झाला नाही, पण ती खालीच बघत होती. मग संध्याने अर्ज माझ्यापुढे ठेवला, पेन उघडून.

मी अर्ज घेतला नाही. तिळगूळ न खाता निघाले, ते मात्र वाईट दिसलं असेल.

आज सकाळी प्रफुल्लला घेऊन सायबर पोलिसांकडे गेले. तिथेच बसून माझा माझा अर्ज लिहिला. काय आलं, मी काय केलं, सेलिनचे आणि त्या दोघींचे पैसे कसे गेले, सगळं लिहिलं. संशयिताच्या रकान्यात तो नंबर लिहिला. समोरचे साहेब वयाने तेजलएवढे असतील. त्यांनी ते वाचलं आणि विचारलं, ओळखीतलं कोणी नाव? मी म्हटलं, नाही.

"आठवून बघा, मॅडम. कोणाचा तुमच्यावर राग होता?"

"राग होता एकीचा. पण तिने केलेलं नाही."

"कशावरून?"

मी म्हटलं, "आठवूनच आलेय."

त्यांनी अर्ज जवळ ओढला. शिक्का मारला.

दुपारी घरी पोचले तर फोनवर एक ओळ होती, संध्याने मला ग्रुपमधून काढल्याची. तिला मीच मागे जोडअॅडमिन केलं होतं. माझी ताकीदही तिने जाता जाता पुसली, असं सेलिन सांगते. सेलिन आता एकेकीला फोन करून आकड्यांचं सांगतेय. काही जणी ऐकून घेतात, काही तिलाच विचारतात, तू सेलिनच कशावरून. मला ते ऐकून बरं वाटलं. निदान विचारायला तरी लागल्या.

तुला काढलं तेव्हा कसं वाटलं असेल, हे मी लिहिणार नाही. मला ते माहीत आहे असं म्हणण्याइतका वेळ अजून गेलेला नाही. मला काढून चार तास झाले आहेत आणि मी सारखा फोन उचलून बघतेय.

गुरुवारी सकाळच्या एसटीने मी घोटीला येतेय. मिलच्या दारात उभी राहीन. सावळीरामला सांग, मला एकदम आत घेऊ नकोस. तू स्वतः दाराशी ये, हवं ते विचार, हवं तितकं विचार. मे महिन्याचं विचार, वाट्टेल त्या वर्षाचं विचार. कुठे मी गोड करून सांगायला लागले, तर दार लावून घे. पुढच्या गाडीने मी परत जाईन.

उज्वला